आप्पांची वायर

शिलेवाडीत लढाईच्या गोष्टी सांगणं आता अवघड झालं होतं. पूर्वी पारावर बसून कुणीही माजी सैनिक वाटेल तेवढे बंकर एकट्यानं उडवायचा आणि ऐकणारे माना डोलवायचे. मग ग्रामपंचायतीनं शाळेशेजारी स्मृतिघर बांधलं आणि थापांचे दिवस संपले. तिथे गोष्ट सांगावीच लागत नसे, टोपी घालून नुसतं आठवायचं. आठवताना मेंदूतल्या ज्या पेशी जशा उजळत, त्यांची नक्षी टोपी जशीच्या तशी टिपून घेई. त्या नक्षीला ठसा म्हणत. पुढे तीच टोपी दुसऱ्या कुणी घातली, की त्याला तीच थंडी वाजे, तोच धूर नाकात जाई. एका नामांकित हवालदारांच्या ठशात तोफांऐवजी फौजी स्वयंपाकघरातल्या खिरीचाच घमघमाट निघाला, तेव्हा गाव आठवडाभर हसत होतं. हवालदारही हसले, करतात काय!

सुभेदार मारुती निकम म्हणजे हेमलताचे वडील, आप्पा. ते गेल्या वर्षी वारले. त्याआधी त्यांनी ठसा देऊन ठेवला होता, पण तो उघडायची गावाला घाई नव्हती. कारगिलच्या युद्धात आप्पा लाइनमन होते. मागच्या ठाण्यापासून पुढच्या चौकीपर्यंत टेलिफोनची वायर टाकायची, तुटली की जोडायची, हे त्यांचं काम. गाव त्यांना प्रेमानं ‘वायरवाले सुभेदार’ म्हणे. त्या प्रेमात थोडी चेष्टाही असे, आणि लहानपणी हेमलताला ती चांगलीच टोचायची.

अखेर येत्या रविवारी ठसा उघडायचं ठरलं. गावाची रीत अशी, की नव्या ठशाची टोपी पहिल्यांदा गावातल्या वीरपत्नीनं घालायची. तो मान शालनकाकींचा. त्यांचे यजमान विलास जगदाळे आप्पांच्याच पलटणीत होते आणि त्याच युद्धात पडले. शव घेऊन आप्पाच गावी आले होते. मात्र त्याआधी घरच्या माणसानं ठसा एकदा एकट्यानं बघायचा आणि अगदी खासगी असेल तेवढं कापून टाकायला सांगायचं, असा नियम होता. म्हणून साताऱ्याच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारी हेमलता शुक्रवारी सकाळी गावी आली.

“ताई, आत आप्पा स्वतःच व्हाल तुम्ही. घाबरू नका,” स्मृतिघर सांभाळणारी मनाली म्हणाली. “आणि मध्ये कितीही वाटलं तरी मनात फार बोलू नका. बघणाऱ्याच्या मनाची सावली ठशावर उमटते. मला ती दर वेळी पुसावी लागते, नाहीतर मूळ आठवण गढूळ होते.”

हेमलतानं टोपी घातली आणि तिच्या बोटांची बधिर लाकडं झाली.

ती दगडाआड पालथी पडली होती. तोंडात रबराची चव होती, कारण बोटं चालत नसल्यानं वायरीचं वेष्टण दातांनी सोलावं लागत होतं. वर उन्हात चकाकणारा बर्फ आणि सारखे फुटणारे गोळे. तांब्याची टोकं पिळून झाली, तिनं कानाला फोन लावला आणि पलीकडून आवाज आला, “मारुत्या, आलास का रं परत?”

तो विलास होता. पुढच्या चौकीत त्याच्या पोटात गोळ्याचा तुकडा घुसला होता, सोबतचे दोघे जागीच गेले होते. अंधार पडल्याशिवाय त्याला खाली आणता येणार नव्हतं. बिनतारी यंत्र फुटलं होतं. त्याच्यापाशी राहिली होती ती एवढी वायर.

गोळा पडे आणि आवाज तुटे. आप्पा दगडाआडून निघत, पोटावर सरपटत तुटका सांधा शोधत, जोडत, आणि पुन्हा फोन कानाला लावत. वरिष्ठांना कळवायचं ते केव्हाच कळवून झालं होतं. आता ही वायर फक्त एका माणसाला एकटं वाटू नये म्हणून जोडली जात होती. विलास बोलत होता. सुट्टीबद्दल, गावच्या कुस्त्यांबद्दल, नव्या नवरीबद्दल. दुपार कलली तसा त्याचा आवाज खोल गेला.

“परसात रामफळाचं रोप लावून आलोय. शालीला विचार, पाणी घालतीस न्हवं?”

आप्पांनी फोन कानाशी घट्ट दाबला. त्यांना उत्तर देता आलं नाही. वायर शाबूत होती, पण पलीकडून पुन्हा आवाज आला नाही. अंधार पडून माणसं वर जाईपर्यंत आप्पांनी फोन कानावरून काढला नाही.

टोपी काढली तेव्हा हेमलताचा चेहरा ओला होता आणि ऊर अभिमानानं इतका भरला होता, की तिला धड बसवेना. बाहेर जाऊन पारावर ओरडून सांगावं, वायरवाले म्हणत होतात ना, या, बघा! पण दुसऱ्याच क्षणी तिला काकी आठवल्या. आप्पांनी शालनकाकींना सांगितलेलं वाक्य अख्ख्या गावाला पाठ होतं. ‘वहिनी, विलास झटक्यात गेला. त्याला कळलंसुद्धा नाही.’

“काकी रविवारी हे बघणार,” ती म्हणाली. “मनाली, आप्पांना हे समजलं नव्हतं का?”

“मी विचारलं होतं त्यांना, हा भाग ठेवू का म्हणून. म्हणाले, तोंडानं एकदा खोटं बोललोय, आता डोक्यानं नको.” मनालीनं खुर्ची जवळ ओढली. “पण तुम्ही म्हणालात तर कापता येईल, ताई. शेवटी हक्क तुमचा.”

कापलं तर आप्पांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट जाणार होती, आणि ठेवलं तर काकींची चार दशकांची शांतता. हेमलता उठली आणि सरळ जगदाळ्यांच्या घरी गेली.

शालनकाकी परसात रामफळाच्या झाडाखाली शेंगा फोडत बसल्या होत्या. झाड घराच्या वर गेलं होतं. हेमलताला एकदम आठवलं. दुष्काळात काकी माहेरी गेल्या होत्या, तेव्हा आप्पा सायकलीला कॅन बांधून रोज या झाडाला पाणी घालत. आई चिडायची, घरच्या तुळशीला थेंब नाही आणि तुमचं हे काय चाललंय! आप्पा ऐकून घेत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कॅन भरत.

“काकी, रविवारच्या आधी एक सांगायचंय. विलासकाका...” हेमलता त्यांच्याशेजारी बसली.

“झटक्यात गेले न्हाईत,” काकी शेंग फोडता फोडता म्हणाल्या.

हेमलतानं चमकून वर पाहिलं.

“अगं, या गावात मेलेला प्रत्येक जवान झटक्यातच गेलाय. माझे सासरे फौजेत हुते. त्येंनीबी दोन घरी जाऊन हेच सांगितलं हुतं. शिकवत्यातच तसं एकमेकांस्नी. मारुतीभावजी बोलले तवाच वळखलं मी. माणूस इमानदार, त्येला खोटं बोलाय जमंना. डोळं समदं माझ्या रोपाकडं.” त्यांनी सूप बाजूला सारलं. “मी इचारलं न्हाई. त्येंच्या जिवाला किती घोर लागला असंल, म्हनून. आता तू सांग. एकटं हुतं का गं ते?”

“नाही काकी. आप्पा होते. शेवटपर्यंत फोनवर होते.”

काकींनी पदर डोळ्यांना लावला. मग उठून साडी झटकली. “चल, रविवारपातूर कोन थांबतंय!”

स्मृतिघरात त्यांनी टोपी घातली तेव्हा मनालीनं सूचना दिली, पण ती काकींच्या कानांत शिरली की नाही, कोण जाणे. हेमलता त्यांचा हात धरून बसली. काकी थंडीनं कुडकुडल्या, दातांनी काहीतरी सोलल्यासारखं करू लागल्या. एकदा हसल्या, बहुतेक कुस्तीचा किस्सा आला असावा. मग त्यांचे ओठ हलले आणि चेहरा हळूहळू निवळला.

“मोठा मानूस हुता तुजा बाप,” टोपी काढल्यावर त्या म्हणाल्या. एवढंच बोलल्या आणि ताठ मानेनं घरी गेल्या.

मनाली पडद्याकडे बघत होती. “ताई, सावली उमटलीय. नेहमी नुसता धूसर डाग असतो. ही अशी कधीच बघितली नाही.” तिनं टोपी हेमलतापुढे केली.

हेमलता पुन्हा दगडाआड होती. कानाला फोन. ‘शालीला विचार, पाणी घालतीस न्हवं?’ आप्पांना उत्तर देता आलं नव्हतं, तिथे आधी शांतता होती. आता त्या शांततेत एका बाईचा स्वच्छ आवाज होता. “घातलं वो. भावजींनीबी घातलं. लई ग्वाड हाईत फळं.”

तिनं टोपी उतरवली. मनालीचं बोट पुसायच्या कळीवर होतं. “नियमानं पुसायला हवी, ताई. राहिली तर रविवारपासून जो जो ठसा बघेल त्याला हे ऐकू येईल. आणि त्या दिवशी हे कुणीच बोललं नव्हतं. खरा इतिहास राहणार नाही हा. पुसू?”

हेमलताच्या तोंडात अजून रबराची चव होती. दातांनी वायर सोलणारे आप्पा तिच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हते.

“मनाली,” ती म्हणाली, “ही वायर आप्पांनी जोडून ठेवलीय. ती आपण तोडायची?”