गाडी पास होईपर्यंत

"अहो गोरे, जरा हळू घाला ती नळी... म्हातारी आहे माझी गाडी, लाजेल!"

मी गर्रकन वळले. एक तर मी गोरी नाही, चांगली सावळी आहे. दुसरं म्हणजे मेक्सिको शहरातल्या आमच्या धूर-तपासणी केंद्रात गाडीमालकांनी पिवळ्या कठड्यापलीकडे उभं राहायचं असतं, आणि हा प्राणी सरळ माझ्या खांद्यापाशी येऊन ठेपला होता. बुटांना चिखल, केसांत अडकलेलं एक लाल पान, आणि तोंडभर हसू... जसं काही मी याच्याकडे जेवायलाच आलेय!

"गोरी कोण?"

"तुम्हीच की."

"आधी डोळे तपासून घ्या. गाडीचं मग बघू."

"आमच्या सोचिमिल्कोच्या फुलबाजारात प्रत्येक बाई गोरीच असते," तो म्हणाला. "सावळी असो, म्हातारी असो, मिशीवाली असो. गोरे म्हटलं की रोप विकलं जातं."

"मला रोप नकोय. कठड्यापलीकडे व्हा."

तो गेला, पण उलटं चालत, माझ्याकडे बघत. आणि मागच्या टायरवर आपटला. मी हसले नाही. म्हणजे, तोंड फिरवून हसले.

गाडी म्हणजे जुनीपुराणी व्हॅन, आत नाताळची लालभडक नोचेबुएनाची रोपं खच्चून भरलेली. आमच्या ड्रायव्हरने ती रोलरवर चढवली, मी नळी सायलेन्सरमध्ये सारली, आणि आतून असा भपकारा आला की लग्नाच्या वरातीतला कुणी काका मागे झोपलाय की काय असं वाटलं.

"दारू?" मी ओरडले. "टाकीत दारू ओतलीत?"

त्याचे कान लाल झाले. "मी नाही! चोना आत्याने. उसाची आहे, घरची, एकदम शुद्ध. सगळं शहर म्हणतं की तपासणीच्या आदल्या दिवशी टाकीत दारू घातली की धूर साफ येतो..."

मेक्सिको शहरात हे औषध प्रत्येक आत्याला तोंडपाठ आहे. वर्षभर गाडीकडे ढुंकून बघायचं नाही आणि तपासणीच्या दिवशी तिला पाजून आणायचं! मी कपाळाला हात लावला. पडद्यावरचे आकडे वर चढले ते उतरायचं नाव घेईनात. नापास.

"एलाडिओ मोन्तिएल," मी कागदावरचं नाव वाचलं. "गाडी नीट करून आणा. जुन्या स्टिकरची मुदत चार दिवसांत संपतेय. त्यानंतर ही गाडी फक्त गॅरेजपर्यंत आणि इथपर्यंत आणायची. माल वाहायचा नाही."

त्याचं हसू एकदम मावळलं. "माल नाही? अहो, पण आमचं वर्षभराचं पीक आहे हे. नाताळ उलटला की या रोपांना कुत्रं विचारत नाही."

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण थंडीत आमच्या शहरावर हवा झाकण ठेवल्यासारखी बसते. चारी बाजूंनी डोंगर, धूर जाणार कुठे? सकाळी माझ्या आईचा खोकला सुरू होतो तो मला दिवसभर कानात ऐकू येतो. म्हणून तर मी या कामात आले. केंद्रात मला मागून 'दगड' म्हणतात, म्हणोत.

जाताना त्याने एक छोटी कुंडी पुढे केली. "हे घ्या तरी. तुमच्या टेबलावर छान दिसेल."

"तुमची गाडी पास होईपर्यंत तुमच्याकडून मी चिमूटभर मीठसुद्धा घेणार नाही. घेतलं तर ती लाच. माझी नोकरी जाईल."

"बरं... आणि पास झाल्यावर?"

मी नापासाचा कागद त्याच्या हातात कोंबला. पुढची गाडी हॉर्न वाजवत होती.

दुसऱ्या खेपेला गाडीचे प्लग नवे, फिल्टर नवा, टाकीत फक्त पेट्रोल. तरी नापास. या वेळी तो नुसता व्हॅनच्या बोनेटवर हात ठेवून उभा राहिला. मला राहवलं नाही. जेवणाची सुट्टी झाली तशी मी बाहेर आले, त्याच्या गाडीखाली वाकले आणि पान्याने एका डब्यावर टकटक केलं. आवाज आला ठण्ण... रिकाम्या पातेल्याचा.

"हा कुणी पोखरला?"

"काय पोखरला?"

समोरच्या टपरीवर तमाल, म्हणजे मक्याच्या पिठाचा वाफवलेला उंडा, घातलेला पाव खात मी त्याला समजावलं. माझे पैसे मीच दिले, त्याने खिशात हात घातला तेव्हा असं बघितलं की त्याने तो लगेच बाहेर काढला.

"इंजिनात पेट्रोल पूर्ण कधीच जळत नाही," मी म्हटलं. "थोडं अर्धकच्चं राहतं, थोडा विषारी वायू होतो. तो सगळा धूर सायलेन्सरकडे जाता जाता त्या डब्यातून जातो. कॅटलिटिक कन्व्हर्टर म्हणतात त्याला. आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते, तिच्यावर प्लॅटिनमसारख्या महागड्या धातूचा पातळ हात दिलेला. जाळी चांगली तापली की विषारी धूर तिला लागून बदलतो. पलीकडून निघते पाण्याची वाफ आणि बऱ्यापैकी निरुपद्रवी हवा."

"म्हणजे वाईट माणूस आत गेला आणि चांगला होऊन बाहेर आला?"

"तसंच. फक्त जाळी तापलेली हवी. थंड जाळी काही कामाची नाही."

"मग थोडा वेळ द्यायला हवा," तो माझ्याकडे बघत म्हणाला. "तापायला."

मी पावात तोंड खुपसलं. "शिवाय आधी एक सेन्सर असतो, तो धुरातला प्राणवायू हुंगतो आणि इंजिनाला सांगतो, पेट्रोल कमी कर, आता वाढव. तुमचा तोही मेलाय. आणि तुमच्या डब्यातली जाळी कुणीतरी फोडून काढलीय."

एलाडिओने डोळे मिटले. "मामा! गेल्या वर्षी म्हणाला, गाडी चढाला दम खाते, मी तिची छाती मोकळी केली... अख्ख्या वाडीने टाळ्या वाजवल्या होत्या."

मला इतकं हसू फुटलं की ठसका लागला. तो पाठीवर थोपटायला पुढे झाला, आणि हात हवेतच थांबवून म्हणाला, "थोपटणं... लाचेत धरतात का हो?"

"धरतात," मी म्हटलं. आणि आयुष्यात पहिल्यांदा मला नियमाचा राग आला.

त्यानंतर तो गाडीशिवायच यायला लागला. सोचिमिल्कोहून बस बदलत बदलत, दोन्ही हातांत रोपांच्या पिशव्या घेऊन. आमच्या भागातल्या दुकानांना जमेल तेवढी विकायचा आणि माझ्या जेवणाच्या सुट्टीला टपरीवर हजर. आम्ही एका बाकावर बसायचो, मध्ये त्याच्या पिशव्या.

"डबा मिळाला का?"

"नवा मागवलाय. मामाने त्याची मोटरसायकल विकली. आत्या त्याच्याशी बोलत नाही... आणि मला 'तू' म्हण की गं. बसमध्ये उभा राहून येतो मी, एवढा तरी मान ठेव."

"मान ठेवायचा म्हणून तर 'तुम्ही' म्हणते."

"नेरेइदा," तो पहिल्यांदा माझं नाव घेऊन म्हणाला, "तुझ्या मानाने माझा जीव जाईल एक दिवस."

मग मीही 'तू' म्हणाले. घरी गेल्यावर आईने विचारलं, आज एवढी का हसतेयस. मी म्हटलं, कुठे काय. आई खोकत खोकत हसली, म्हणजे तिला कळलंच.

नाताळ आठवड्यावर आला आणि एलाडिओ तिसऱ्यांदा गाडी घेऊन आला. रिकामी, धुतलेली, खाली नवा चकचकीत डबा. त्याच्या मळ्यात निम्म्याहून जास्त रोपं अजून उभी होती. आज पास झाली नाही तर ती खतात जाणार होती. त्याने दाढी केली होती. हसत नव्हता.

व्हॅन माझ्याच रांगेत आली. ड्रायव्हरने रोलरवर चढवली, चाकं फिरू लागली. मी नळी उचलली आणि सायलेन्सरमध्ये सारली.

आणि माझा हात मध्येच थांबला.

नळी पूर्ण आत घालायची असते. अर्धवट घातली की बाहेरची हवा शिरते आणि आकडे आपोआप खाली येतात. कॅमेऱ्याला तेव्हा फक्त माझी पाठ दिसत होती. कुणाला कळलं नसतं. गाडी बहुधा तशीही पास झाली असती... बहुधा. पण माझा हात पुढे जाईना. मला, दगडाला, तो माणूस जिंकायला हवा होता! कठड्यापलीकडून तो बघत होता, माझ्या हाताकडे नाही, माझ्याकडे.

मी नळी सबंध बाहेर काढली आणि मागे सरले.

"रुफिनो, इकडे ये," मी शेजारच्या रांगेतल्या सहकाऱ्याला हाक मारली. "ही गाडी तू तपास."

केबिनमधून इंजिनियर सालगादोंचा आवाज स्पीकरवर खरखरला. "नेरेइदा, रांग का थांबली?"

"साहेब, मी ही गाडी तपासू शकत नाही."

"का? नातेवाईक आहे का तुझा?"

"नाही."

"ओळखीचा?"

"साहेब..." सगळे ऐकत होते. रोलरवरचा ड्रायव्हर, कठड्यापलीकडची माणसं, बाळाला घेऊन उभी असलेली एक बाई. माझ्या कानांतून वाफा निघत होत्या. "मला तो आवडतो. फार आवडतो. माझा हात सरळ चालत नाहीये."

मग त्या बाळवाल्या बाईने "अगं बाई!" म्हणून टाळी वाजवली आणि सगळा कठडा टाळ्या वाजवायला लागला. रुफिनो तोंड आ करून नुसता बघत होता.

स्पीकरवर इंजिनियरसाहेब खाकरले. "रुफिनो, नळी तू धर. पूर्ण आत, कळलं? आणि नेरेइदा, तू कठड्यापलीकडे जा. गिऱ्हाइकांत उभी राहा."

इतक्या वर्षांत मी त्या बाजूला कधी उभी राहिले नव्हते. एलाडिओ शेजारी होता, पांढराफटक.

"आधी मला सांगायचं ना गं," तो पुटपुटला.

"तुला सांगायला जमलं नाही. स्पीकरला जमलं."

"आणि नापास झाली तर?"

"तर आपण दोघं पिशव्या घेऊन बसने फिरू. निम्मी रोपं मी विकेन. सगळ्या बायकांना गोरे म्हणेन."

तो हसला, पण डोळे पडद्यावर. आकडे वर गेले, थरथरले, परत वर गेले. रुफिनोने नळी पार मुठीपर्यंत आत खुपसली होती, मेल्याने माझ्यापेक्षाही जास्त काटेकोरपणे. डबा तापत होता. आकडे थांबले, मग एकेक करून उतरायला लागले... आणि उतरतच गेले. पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली.

पास.

रुफिनोने काचेवर नवा स्टिकर चिकटवला. लोक परत टाळ्या वाजवायला लागले. मी एलाडिओकडे वळले आणि हात पुढे केला.

"आता दे. काय द्यायचंय ते दे. आता लाच नाही."

त्याने खिसे चाचपले, गाडीकडे पाहिलं. गाडी रिकामी, आज एक पानसुद्धा आणलेलं नव्हतं. तो गोंधळला, आणि मग त्याने त्याचा हात माझ्या हातात दिला. मी तो घेतला आणि सोडला नाही.