दोर सुटल्यावर

"मॅडम, आधी पाय काढा. मग काय भांडायचं ते भांडा."

चारुता भांडायलाच आली होती. आखाती देशातल्या तिच्या कंपनीनं अर्दियातल्या गोदामातून बोटीनं फैलका बेटावरच्या हॉटेलला पाठवलेलं दही दोनदा उन्हानं नासलं होतं, आणि साहेबांनी तिला सालमियाच्या धक्क्यावर धाडलं होतं. समोरचा सावळा खलाशी मात्र तिच्या तोंडाकडे न बघता सँडलकडे बघत होता. तिनं खाली पाहिलं. बोटीच्या जाड दोराच्या वेटोळ्यात ती मधोमध उभी होती.

"हा ताणला की माणसाला विचारत नाही, दही तुझं का माझं," तो म्हणाला.

तेही मराठीत, कोकणच्या वळणानं... ती पाय उचलून बाजूला झाली आणि भांडण तिथंच राहून गेलं.

आशय चोगले त्याचं नाव. हर्णैचा. बेटावर लागणारं सगळं त्याच बोटीतून जाई. आधी गाड्या चढत, मग गॅसच्या टाक्या, बर्फ, पाणी, एखादवेळी बकऱ्याही, आणि सगळ्यात शेवटी माणसं. इंजिन डिझेलचं असलं तरी बोटीवरचा म्हातारा स्वयंपाकी, दापोलीचा इम्तियाज चाचा, तिला आगबोटच म्हणे. आशयनं दह्याचे खोके इंजिनापासून लांब, चाचाच्या भटारखान्यामागं सावलीत ठेवायला सुरुवात केली. दही नासायचं थांबलं. तरी चारुता दर गुरुवारी दही बघायला येतच राहिली.

"एवढी काळजी आमच्याकडं सासूसुद्धा करत नाही गो बाय," चाचा चहा पुढं करत म्हणे. आशय हसू लपवायला उगाच दोर आवळी, आणि चारुता समुद्राकडे तोंड फिरवी. वाऱ्यानं ओढणी त्याच्या बाजूला उडाली की ती लगेच ओढून घेत नसे... हे तिला ठाऊक होतं, आणि त्यालाही.

एकदा दह्यासोबत तीही बेटापर्यंत गेली. परत निघताना धक्क्यावरच्या कुणा बाईनं बोटीवरच्या नवऱ्याला मागून मोठ्यानं हाक मारली. चष्मा राहिला होता म्हणे. आशयचा चेहरा एकदम उतरला. चारुतानं किती वेळा विचारलं, तेव्हा कुठं तो बोलला. त्यांच्याकडे दोर सुटला की होडीवरच्या माणसाला मागून हाक मारत नाहीत. त्याच्या आईनं मारली होती. बाबांचा डबा राहिला म्हणून. त्या फेरीतून बाबा परत आले नाहीत, आणि आई अजून स्वतःलाच दोष देत बसली आहे.

कठड्यावर चारुताचा हात होता, तो तिनं सरकवून त्याच्या हाताला लावला. बोट सालमियाला लागेपर्यंत दोघांनीही हात हलवला नाही.

मग बोट विकली गेल्याची बातमी आली. नवा मालक ती ओमानला नेणार होता, खलाशांसकट. जुन्या मालकानं दुरुस्तीच्या यार्डात एकाच माणसाची जागा ठेवली होती. आशय तरुण, म्हणून पहिला मान त्याचा. तो नको म्हणाला तर ती चाचाला मिळणार होती. चाचाचे गुडघे आता बोटीच्या शिड्यांना दाद देत नव्हते, आणि घरी बसणं त्याला परवडणारं नव्हतं.

"तू म्हणशील तर राहतो," आशय म्हणाला. "नाहीतर चाचाची जागा अडवून मी काय करू?"

चारुताचं मन कधीच हो म्हणून बसलं होतं, पण जीभ रेटेना. नाशकाला वडील बँकेतून निवृत्त झालेले. जावई काय करतो, या प्रश्नाला ते चारचौघांत काय उत्तर देणार?

"विचार करते," ती म्हणाली.

"कर. दोर सुटेपर्यंत वेळ आहे."

तो हसत म्हणाला, म्हणून तिलाही वाटलं, खूप वेळ आहे. दिवस मात्र भराभर गेले.

बोट निघायच्या दिवशी सकाळी तिनं आईला फोन करून सगळं सांगून टाकलं. चारुतानं फोन ठेवला आणि गाडी काढली. बाहेर धुळीचं वादळ होतं, रस्ता पिवळा झालेला, गाड्या मुंगीच्या पावलानं चाललेल्या. तिनं आशयला फोन लावला, वाजून वाजून बंद झाला. दोराचं काम निघालं की सगळ्यांचे फोन चाचाच्या डब्यात जात, हे तिला माहीत होतं.

ती पोचली तेव्हा शेवटचा दोर सुटला होता. बोट आणि धक्का यांच्यामध्ये हिरव्या पाण्याची पट्टी रुंदावत होती. मागच्या टोकाला आशय ओला दोर हातात धरून उभा होता. गुंडाळत नव्हता. तिच्याकडेच बघत होता.

नाव तिच्या ओठांवर आलं. आणि हर्णैची ती न पाहिलेली बाई आठवली. तिनं ओढणी तोंडावर दाबून धरली. पुढं बंदराबाहेर बोट नांगर टाकणार, सरकारी माणसं कागद तपासणार, तोवर यार्डातल्या जागेसाठी एकाला त्यांच्या लाँचमधून उतरता येतं. थोड्या वेळानं फोन करू, काय घाई... तिनं हात उंच केला. सुखरूप राहा, एवढंच मनात म्हणाली.

आशयनं खूप वेळ पाहिलं. मग त्यानंही हात वर केला आणि दोर गुंडाळायला घेतला.

ती धक्क्यावरूनच फोन लावत राहिली. कुणी उचलला नाही. बऱ्याच वेळानं सरकारी लाँच परत आली. तिच्यातून एकजण पत्र्याची पेटी घेऊन, गुडघा सांभाळत उतरला. इम्तियाज चाचा.

"बाय, अल्ला तुझं भलं करो," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "मला जमीन दिलीस."

चाचा सांगत राहिला. पोरगा दोर गुंडाळेना, कप्तान वरून ओरडला तरी गुंडाळेना. म्हणत होता, चाचा, जिला मला ठेवून घ्यायचंय ती शकुन-अपशकुन बघणार नाही, हाक मारेल. मग तुझा हात वर झाला. तो म्हणाला, चाचा, निरोप दिला तिनं. पेटी भरा, तुम्ही उतरा.

"घरी फोन केला मघाशी," चाचा म्हणाला. "बायको रडायलाच लागली आनंदानं."

तेवढ्यात तिच्या हातातला फोन वाजला. आशय.

"चाचा पोचले का गं नीट?" मागं इंजिनाचा आवाज होता.

बोट अजून नांगरावर होती. लाँच पुन्हा जाऊ शकत होती. एक शब्द, आणि तो आला असता... आणि ही पेटी परत चढली असती. चाचा वाकून गुडघा चोळत होता आणि हसत होता.

"पोचले," चारुता म्हणाली.

तो थांबला. ती काही बोलेल म्हणून थांबला, हे तिला इंजिनाच्या आवाजातूनही कळलं.

"चहा पाजते त्यांना," ती म्हणाली, आणि पेटीची एक कडी धरून चालू लागली.