निकालाच्या आधी

ती घाईघाईने दवाखान्यातल्या खुर्चीत टेकली आणि खालून 'कट्' असा आवाज आला.

"आता उठून काय उपयोग?" शेजारचा तरुण म्हणाला. "गेला तो. चष्मा होता माझा."

"अय्या... मी बघितलंच नाही!"

"मलाही आता फारसं दिसत नाहीये. पण काळजी नको, माझं दुकानच चष्म्यांचं आहे."

ती खुदकन हसली. किती दिवसांनी! ती शाळेत चित्रकला शिकवायची. आई स्तनाच्या कर्करोगाने गेली होती, म्हणून मावशीने हट्ट धरून तिला तपासणीला पाठवलं होतं. चष्मेवाला आपल्या ताईबरोबर आला होता. त्याच दुखण्यातून उठलेली ताई अधूनमधून डॉक्टरांना दाखवायला यायची.

आत नर्सने समजावलं, "सुई नाही, कापाकापी नाही. हा मऊ कप लावून हलकेच ओढ दिली, की स्तनाग्रातून थेंबभर स्राव येतो. त्यातल्या पेशी तपासतात. पण एवढ्यावर भागत नाही हं, बाकीच्या तपासण्याही करायच्याच. सगळ्यांचा निकाल यायला तीनेक आठवडे लागतील."

दुखलं नाही. तरी तिचे डोळे भरून आले.

बाहेर ताई वाटच बघत होती. "चष्मा मोडणाऱ्याने आंधळ्याला दुकानापर्यंत पोचवायला नको का गं?"

ती पोचवायला गेली... आणि मग जातच राहिली. कधी मावशीच्या चष्म्याचा स्क्रू ढिला व्हायचा, कधी नुसतंच 'इकडून चालले होते' म्हणून.

एका संध्याकाळी काच पुसता पुसता तो म्हणाला, "लग्न कराल माझ्याशी?"

"आधी निकाल येऊ दे."

"का?"

"आईमागे बाबा कसे जगले, ते मी पाहिलंय. ती वेळ मी कुणावर आणणार नाही."

त्याने काच खाली ठेवली. "ताईच्या आजारपणात भाऊजी रात्रंदिवस तिच्या उशाशी असायचे. मला त्यांची कीव नाही आली कधी... हेवा वाटला. निकाल चांगला आला म्हणून मिळणारा होकार मला नको."

ती निघून आली. मग आठवडाभर तिने त्या रस्त्याचं नाव काढलं नाही. मावशी विचारायची, ती विषय बदलायची.

निकालाच्या दिवशी मात्र तिचे पाय दवाखान्याकडे वळेचनात. ती थेट दुकानात शिरली. गिऱ्हाईक समोर उभं होतं, तरी थांबली नाही.

"निकाल अजून घेतलेला नाही मी," ती धापा टाकत म्हणाली. "काय असेल देव जाणे. माझा होकार आहे. येतोस?"

त्याने गिऱ्हाइकाला हात जोडले आणि शटर ओढलं.

डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला. "काही पेशी जरा वेगळ्या दिसताहेत. म्हणजे कर्करोगच आहे असं नाही. पण पुढच्या तपासण्या लगेच करायला हव्यात." मग त्यांनी दाराकडे पाहिलं. "सोबत कोण आलंय?"

तिने शेजारची खुर्ची त्याच्यासाठी ओढली.

"हा," ती म्हणाली. "माझा आहे. त्यालाही सगळं नीट समजावून सांगा."