कोंडवीकाठची मोकळी पट्टी

प्रतिमा-पुनर्वाचन प्रयोगशाळेत सकाळचे साडेदहा वाजले होते आणि डॉ. सुलक्षणा मोंडकर पडद्यावरच्या एका मोकळ्या पट्टीकडे टक लावून बसली होती. पट्टी मोकळी होती, एवढंच तिचं दुखणं होतं.

एकशे साठ वर्षांपूर्वी गणपतराव धुरी नावाच्या हौशी गृहस्थांनी कोकणातल्या कोंडवी नदीच्या मुखाजवळ, तरीच्या जागी म्हणजे होड्या माणसं उतरवायच्या तिथे, दोनशे सोळा काचेच्या तबकड्यांवर छायाचित्रं काढली होती. धुणं आपटणाऱ्या बाया, जाळी शिवणारे गाबीत, मांडी ठोकून शिंपल्या विकणाऱ्या म्हाताऱ्या. सुलक्षणानं त्या सगळ्यांचा एक वावरनकाशा केला होता. जिथे माणूस, तिथे ठिपका. दगडी पायऱ्यांवर ठिपक्यांचा खच पडला होता, होड्यांपाशीही तसाच. मधल्या तीस फूट वाळूत मात्र अख्ख्या दोनशे सोळा तबकड्यांत मिळून एक ठिपका होता.

तिला हे शास्त्र शिकवणाऱ्या नाबर सरांना या पट्टीचा फार आनंद झाला होता. सर एकाहत्तर वर्षांचे, निवृत्त होऊन दहा वर्षं झालेली, पण निवृत्ती ही दुसऱ्यांनी घ्यायची गोष्ट आहे अशी त्यांची पक्की समजूत. सरकारला कोंडवीवर नवा धक्का बांधायचा होता आणि जागा सरांनी सुचवायची होती. कोणी वापरली नाही म्हणजे जागा मोकळी आणि निर्धोक, असा त्यांचा निष्कर्ष. आज ते स्वतःच तिथे गेले होते. धुरींच्या काळातला लाकडी कॅमेरा, तसलीच संथ काच, तोच कोन. जुनं आणि नवं चित्र एकावर एक ठेवलं की काठ गाळानं किती भरला ते कळणार होतं. पूल झाल्यापासून होड्यांची ये-जा बंद, गाव उठलेलं. गाडीवाल्याला त्यांनी चहा-नाश्त्याला तालुक्याला पाठवून दिलं होतं. एकट्यानं काम करायची त्यांची जुनी खोड.

"सर, एक शंका आहे," सुलक्षणा फोनवर म्हणाली. "ती काच संथ. चाळीस सेकंद उजेड खाते. तेवढा वेळ जो स्थिर राहील तोच उमटणार. चालणारा माणूस उमटतच नाही."

"हे मीच तुला शिकवलंय."

"हो. मग ती पट्टी रिकामी आहे की तिथे फक्त कोणी थांबत नव्हतं, हे कसं ठरवायचं?"

सर हसले. तीस फूट वाळूत दोनशे सोळा वेळा एकालाही पाय टेकावासा वाटला नाही, असं कधी होतं का, त्यांनी विचारलं. मग म्हणाले, तुझं उकलनयंत्र आहे ना, उकल आणि बघ. आता ते वाळूत उतरणार होते. लांब दोरीनं कॅमेऱ्याचं झाकण उघडून, मापाची काठी घेऊन स्वतःच उभे राहणार होते, आणि तोवर तिनं फोन करायचा नव्हता. जबडा हलला तरी चेहरा फिसकटतो.

उकलनयंत्र हे सुलक्षणाचं सात वर्षांचं काम. काचेवरचा चांदीचा कण पहिल्या सेकंदाला जागा झाला की चाळिसाव्या, याची खूण त्याच्या अंगावर राहते. तिला ती कणाचं प्रकाशवय म्हणायची. वयाप्रमाणे कण लावले की एका स्थिर चित्राची चाळीस सेकंदांची हालती फीत होते. रात्रभर यंत्र चाललं होतं. आता चौऱ्याऐंशीवी तबकडी तयार झाल्याची खूण आली.

तिनं फीत सुरू केली आणि मोकळी पट्टी माणसांनी भरून गेली.

पारदर्शक, धुरकट माणसं. होडीतून उतरत होती आणि वाळूतून पायऱ्यांकडे जात होती. झपाझप. एकही थांबत नव्हता, मागे वळत नव्हता, शेजारच्याशी बोलत नव्हता. एका बाईच्या डोक्यावरून गाठोडं पडलं. तिनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, पोराला दंडाला धरून तशीच ओढत गेली. पहिल्या पायरीवर पाय पडल्यावर मात्र ती मटकन बसली आणि रडायला लागली. गाठोडं हळूहळू लहान होत गेलं. अडतिसाव्या सेकंदाला ते नव्हतं.

तो एकुलता ठिपका एकशे सतराव्या तबकडीत होता. काठी घेतलेला माणूस, धोतर-बाराबंदी, आणि चेहऱ्याच्या जागी नुसता पांढरा फराटा. खाली धुरींच्या अक्षरात टीप: 'मापाकरिता परगावचा गडी उभा केला. हलू नये अशी सक्त ताकीद दिली.' गड्यानं मान हलवली असणार, असं सर आणि ती दोघंही आजवर धरून चालले होते.

तिनं फक्त त्या गड्यापुरती उकल लावली; ती दोन मिनिटांत झाली. गडी मान हलवत नव्हता. ताठ, आज्ञाधारक उभा होता, आणि सावकाश खाली जात होता. आधी धोतराचा काठ दिसेनासा झाला, मग पोटऱ्या, मग गुडघे. पायऱ्यांवर माणसं हात हलवत होती, तोंडं उघडत होती. तो कॅमेऱ्याकडेच पाहत राहिला, कारण त्याला हलू नको म्हणून सांगितलं होतं.

एकशे अठराव्या तबकडीत तोच कोन होता, दोन तासांनंतरचा. तिथे नुसतं पाणी होतं. भरतीचं सुंदर चित्र म्हणून सरांनी ते अहवालाच्या मुखपृष्ठावर घेतलं होतं.

तिनं फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. मिशीसुद्धा हलू न देता सर तिथे कसे उभे असतील ते तिला लख्ख दिसत होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला त्यांच्या शिस्तीचा संताप आला. दुसऱ्या फोनवरून तिनं तालुक्याच्या पोलीस चौकीला कळवलं. तासभर लागेल, म्हणाले.

तिसऱ्या वेळी सरांनी उचलला. आवाज खुशीत होता.

"झालं! काय घाई आहे तुला? चाळीस सेकंद म्हणजे चाळीस, पापणी हलली नाही. चेहरा कसा स्वच्छ येतो बघ."

"सर," सुलक्षणा म्हणाली, "तुमचे पाय दिसताहेत का तुम्हाला?"

मग चिखलातून काहीतरी ओढल्याचा ओला आवाज आला. पुन्हा आला, आणि थांबला.

"गुडघ्याच्या वर आलंय," सर म्हणाले. "ओढलं की आणखी जातोय."

तिनं त्यांना मागे रेलायला सांगितलं, काठी पाठीखाली आडवी घ्या, अजिबात धडपडू नका म्हणाली. ती भरभर बोलत होती आणि रडत होती. सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग वर्गात विचारायचे तशा शांत स्वरात त्यांनी विचारलं, "भरती कधी लागते गं आज?"

तिला तक्ता बघायची गरज नव्हती. एकशे सतराव्या तबकडीत पाणी जिथे होतं, अगदी तिथेच ते असायला हवं, म्हणून वेळ सरांनीच हिशेबानं निवडली होती.

"लागली, सर," ती म्हणाली.