उकळायच्या थोडं आधी

काच पुसायला तिने एक हात वर नेला आणि तेवढ्यात समोर माणूस आला. तिने करकचून ब्रेक दाबला. गाडी त्याच्यापासून जेमतेम वीतभर अंतरावर थांबली.

तो खांद्यावर जुना रेडिएटर घेऊन रस्ता ओलांडत होता. पळाला नाही, ओरडलाही नाही. रेडिएटर कडेला ठेवला आणि खिडकीशी आला.

“बाई, मी न दिसण्याइतका काही बारीक नाही.”

“काचेला आतून वाफ धरते हो...” तिने हातातलं फडकं दाखवलं. “लागलं का कुठे?”

“नाही. काळजाला थोडंसं.” म्हणाला खरा, आणि स्वतःच लाजला.

“हीटर का नाही लावत?” त्याने घाईने विचारलं.

“लावलाय की! आमचा हीटर पंख्याच्या जातीचा आहे. गारच वारा सोडतो.”

त्याने बॉनेट उघडायला लावलं. आतल्या पाइपवर हात ठेवला आणि त्याचा चेहराच बदलला. “किती लांबून आलात?”

“बारा किलोमीटर. सगळा चढ.”

“आणि ही कोमट?”

“मग? कधी तापत नाही आमची गाडी.” तिने अभिमानाने सांगितलं.

त्याने तिच्या पांढऱ्या कोटाकडे बघितलं. “तुम्ही नर्स ना? एखाद्याचं अंग कायम गार लागलं, तर त्याला ठणठणीत म्हणाल?”

मग त्याने इंजिन-तेलाचं झाकण काढून दाखवलं. झाकणाच्या आतल्या बाजूला लोण्यासारखा पांढरट थर. “तेलात पाणी उतरतंय. पुरती तापली असती तर उडून गेलं असतं. हिचा थर्मोस्टॅट कुणी काढला?”

“बाबांनी. पंचवीस वर्षं झाली. मी जन्मले त्या दिवशी.”

तो तिथल्याच वळणावरच्या गॅरेजचा मेस्त्री होता, नवा आलेला. त्याने समजावून सांगितलं ते असं : इंजिन गार असेपर्यंत पाण्याची रेडिएटरकडची वाट बंद ठेवायची आणि तापलं की उघडायची, एवढंच थर्मोस्टॅटचं काम. तोच नसला की पाणी सारखं फिरतं, इंजिन कधी ऊब धरत नाही, पेट्रोल ढोसतं आणि आतून झिजत जातं.

“हा हिवाळा काढेल,” तो म्हणाला. “पुढचा नाही.”

डोंगरावरच्या दोन दवाखान्यांना जायला दुसरं वाहन नव्हतं. गाडी गेली की तिची बदली शहरात ठरलेली. आई आता नव्हती; बाबा इथे एकटे पडले असते.

बाबांना मात्र हे सांगायची सोय नव्हती. आयुष्यभर त्यांनी टॅक्सी चालवली. आईला कळा सुरू झाल्या त्या दुपारी ते याच गाडीतून दवाखान्याकडे निघाले आणि वाटेत थर्मोस्टॅट अडकला. तो उघडेचना. इंजिन उकळलं, गाडी माळावर उभी राहिली आणि लेक मागच्या सीटवर जन्मली. मायलेकी वाचल्या, पण बाबांनी तो तुकडा पाना लावून काढला आणि भिरकावून दिला. “ज्याच्यावर भरवसा नाही, ते माझ्या गाडीत नको,” असं ते आजही म्हणत.

त्यानंतर तिची गाडी गॅरेजपाशी फारच वेळा बिघडू लागली. कधी वायपर, कधी दाराची कडी. एकदा तर नुसता आवाज.

“कसला आवाज?” मेस्त्रीने विचारलं.

“आता येत नाहीये... पण येत होता.”

“मग येईपर्यंत बसा.” त्याने स्टूल पुसून पुढे केलं.

ती बसली. बाहेर पाऊस भुरभुरत होता. तो कुठल्याशा इंजिनचा व्हॉल्व्ह घासत होता, ती त्याची बोटं बघत होती. काळी, चिरलेली, पण किती हलकी... बाळाची नाळ बांधताना आपली असतात तशी.

“तो तुकडा गुपचूप बसवून टाका ना,” ती हळूच म्हणाली. “बाबांना कळणार नाही.”

त्याचा हात थांबला. “नाही बाई. त्यांच्या गाडीत चोरून शिरलो, तर त्यांच्या घरात कुठल्या तोंडाने येऊ?”

घरात – तिच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. आणि त्याच क्षणी भीतीही वाटली. बाबा त्या तुकड्याला नाही म्हणाले, तर या माणसालाही नाहीच म्हणणार.

रविवारी सकाळी तो आला. हातात पितळी थर्मोस्टॅट, दोरा आणि एक लांब तापमापक.

“मापक माझ्याकडे आहे की,” ती म्हणाली.

“तुमचा बेचाळीसच्या पुढे फुटेल. आज नव्वदपर्यंत जायचंय.”

बाबा आरामखुर्चीतून उठले नाहीत. “पोरा, तीस वर्षं गाडी चालवलीय मी.”

“म्हणून तर तुमच्यासमोर करतोय, काका. हा उघडताना बघितलाय कधी?”

बाबांनी बघितला नव्हता. जन्मभर गाडीत बसून कुणाला तो दिसतो? ते उठून स्वयंपाकघरात आले.

गॅसवर पातेलं. पाण्यात दोऱ्याला टांगलेला तो तुकडा. साठ. सत्तर. पातेल्याच्या तळाशी बारीक बुडबुडे धरले. ऐंशी... आणि पाणी उकळायच्या थोडं आधी ती पितळी चकती हलली. कुणी ढकललं नाही, कुणी सांगितलं नाही. केसाएवढी फट, मग बोटाएवढी. कळी उमलावी तसा तो निर्जीव तुकडा उघडला.

“अगं बाई...” तिच्या तोंडून निघालं.

“आत मेण असतं,” तो कुजबुजला. देवळात बोलावं तसा. “पुरेसं तापलं की फुगतं.”

बाबा वाकून बघत होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं की वाफ, कोण जाणे. “पुन्हा,” ते म्हणाले. गार पाण्यात घातला, मिटला. पुन्हा तापवला, उघडला. बाबांनी दहा वेळा करायला लावलं. दहाही वेळा उघडला.

“आणि अकराव्यांदा अडकला तर?”

मेस्त्रीने खोटं सांगितलं नाही. “अडकू शकतो, काका. म्हणून काट्यावर नजर ठेवायची, काटा वर चढला की थांबायचं. तेवढं झालं की... मी आहे.”

“किती दिवस आहेस?”

त्याने तिच्याकडे बघितलं. “ते यांना विचारा.”

ती त्याच्याकडेच बघत राहिली. गॅस मात्र चालूच राहिला, तो बाबांनी बंद केला. “बसव,” ते म्हणाले.

दुपारी तिघं निघाले. बाबा पुढे, मेस्त्री मागे. चढ लागला आणि तिच्या पावलांना काहीतरी हलकं स्पर्शून गेलं. ऊब! काच स्वच्छ. सगळा डोंगर कडेपर्यंत दिसत होता... इतका मोठा होता हा? तापमानाचा काटा, जो तिला आजवर मोडकाच वाटला होता, वर आला, मध्यावर थांबला आणि तिथेच राहिला. बाबा डोळे मोठे करून त्याकडे बघत होते.

“गाडी थांबव,” ते एकदम म्हणाले.

तिने घाबरून गाडी कडेला घेतली. बाबा उतरले, मागचं दार उघडलं. “ऊठ रे. पुढे जाऊन बस. काट्यावर नजर ठेवणारा माणूस पुढेच हवा.”

तो पुढे येऊन बसला. गाडी निघाली.

“काट्याकडे बघा,” ती म्हणाली. “माझ्याकडे नको.”

“मध्यावर आहे. मघापासून.” तो तिच्याकडेच बघत म्हणाला. “मी इथेच राहू का? कायमचा?”

“राहा ना...” ती हसली आणि तिनेही मान वळवली.

“अरे, रस्त्याकडे कुणीतरी बघा!” मागून बाबा ओरडले.