कोरड्या अंगणातला दाब

चावी ऑन. इंजिन बंद.

ट्यूनिंग इथून सुरू होतं. इंजिन बंद असताना त्यातला दाबाचा सेन्सर फक्त बाहेरची हवा मोजतो. भिवंडीत तो आकडा शंभर किलोपास्कलच्या आसपास असतो. दुसरं काही यायचं कारण नाही.

वळ गावात, कुणालच्या अंगणात, माझ्या लॅपटॉपवर एकशे दहा आला.

कुणाल माझा कॉलेजचा मित्र. त्यांच्या शेतावर गोदामं उभी राहिली, उरलेल्या तुकड्यावर भराव टाकून त्याने बंगला बांधला. आणि बायकोचे दिवस भरत आलेले असताना घरातल्या एकुलत्या गाडीला मोठे इंजेक्टर बसवले. इंजेक्टर म्हणजे पेट्रोलचे नळ. मोठा नळ लावला की तो उघडा ठेवायचा वेळ कमी करायचा, नाहीतर इंजिन पेट्रोलने भरून गुदमरतं. तो वेळ ठरवणं हे माझं काम. ते मी नीट केलं होतं. तरी गाडी दोन ठोके घ्यायची आणि बंद पडायची.

"भाविकाला आता कळा आल्या तं काय टेम्पोत घालून नेशील?" त्याची आई, पार्वतीकाकी, ओट्यावरून ओरडली. "ही गाडी खोलायची टायम हाय?"

"आई, पिकअप बघशील ना, मंग बोल."

"मला काय मानकोली नाक्यावर रेस लावायचीय का रं?"

भाविका दाराला पाठ टेकून उभी होती. ती हसली, मग हसता हसता थांबली आणि पोट धरलं.

चावी ऑफ. नवा सेन्सर लावला.

चावी ऑन. एकशे बारा.

गाडी ढकलत फाटकाबाहेर नेली. शंभर. तिथे ती लगेच सुरू झाली आणि गुणगुणत राहिली. बाहेरच ठेवावी, तर मागून कंटेनरची रांग हॉर्न मारायला लागली. परत आत घेतली. पुढची चाकं फाटक ओलांडून आली आणि ती गुदमरली.

यंत्र चुकत नव्हतं. दाब जास्त म्हणजे हवा दाट, असं धरून ते जादा पेट्रोल सोडत होतं. हवा असती, तर ते बरोबरच होतं.

मी मनातल्या मनात हिशोब केला. एवढा दाब वाढायला गाडीवर काय असावं लागेल? कमरेच्या वर पाणी.

बॉनेटखाली हात फिरवला. कोरडं होतं.

लोडशेडिंग झालं. लांबचे पॉवरलूम एकदम गप्प झाले. ऊन पिवळं, जड झालं होतं. कंपाउंडच्या भिंतीवर उजेडाची जाळी हलत होती, खाली पाणी असल्यासारखी. खाली कोरड्या टाइल्स होत्या. वारा पडलेला, तरी दोरीवरची साडी सावकाश वर उचलली जायची आणि तितक्याच सावकाश खाली यायची. मी किती वेळ तिच्याकडे बघत होतो, माहीत नाही.

काकी चहा घेऊन आली. टाइल्सवरून चालताना तिने एका हाताने लुगडं गुडघ्यापर्यंत वर धरलं होतं.

"भरती लागली," ती म्हणाली.

"काकी, खाडी तिकडे राहिली."

"हिथं खाजणच होतं. माझा सासरा उघाडीवर असायचा. भरतीला बांधातलं दार पाडायचा, पानी आत येऊ नये म्हून, ओहोटीला उचलायचा. भराव टाकला तवा बांधासकट दार गाडलं." तिने कप बॉनेटवर ठेवला. "पाडलेलं गाडलं का उचललेलं, ते कुनी बघितलंच न्हाय."

"आई, आता नको."

"तवा पन हेच बोललास. डंपरवाल्याबरोबर फोटो काढत होतास."

एकशे अठरा. आता डोक्याच्याही वर.

दारातून भाविकाची हाक आली, "अहो!" आणि मग शब्द नसलेला आवाज.

कुणालचा चेहरा उतरला. "सुश्रुत, काय पन कर. चालू कर."

केलं. सेन्सरचं ऐकणंच बंद केलं. त्याच्या जागी शंभर लिहिलं आणि कायम केलं. म्हणजे गाडीला सांगितलं, तू कोरड्यावर आहेस.

पहिल्याच फटक्यात सुरू झाली.

कुणाल स्टीअरिंगवर, बाजूला मी, मांडीवर लॅपटॉप. मागे काकी आणि भाविका. गाडी हलली तेव्हा दोघींनी एकदम खोल श्वास घेतला, गाल फुगवले आणि डोळे मिटले. फाटक मागे पडल्यावर दोघींनी तो सोडला.

कुणालला आरशात फक्त रस्ता दिसत होता.

मुलगा झाला.

पुढे कुणालचा फोन आला. "गाडी मख्खन चाललीय रं! एकदा पन बंद न्हाय पडली."

"बाळ?"

"मस्त हाय. दूध पितो. डॉक्टर बोलला, सगळं ओके." तो थांबला. "दवाखान्यात लय रडायचा. वडप्याला मावशीकडं नेला, तिथं पन. घरी..."

"घरी रडत नाही? बरं आहे की."

"रडतो. तोंड उघडतो, लाल होतो. थांब, आताच रडतोय. ऐक."

त्याने फोन पाळण्यापाशी धरला असावा. मी कान लावला.

खुळखुळा वाजत होता. भाविका म्हणत होती, "गप, गप. झालं, झालं. किती रडशील?" मध्ये थांबत होती, पुन्हा म्हणत होती.

बाकी काहीच ऐकू येत नव्हतं.