ओल्या रंगावरची तीट

हिरामण मास्तरांशी मी पहिल्यांदा बोलले ती भांडायलाच. अजून वालाच्या फुलांचा वास आला की ती सकाळ आठवते आणि एकटीच हसते मी.

चार वर्षांपूर्वीचा नाताळ जवळ आलेला. कळंबला आमच्या शेताला लागून रिसॉर्ट आहे, तिथं कागदी चांदण्या लटकल्या होत्या. मी वालाच्या शेंगा खुडत होते, नातू आंब्याखाली झोळीत निजलेला. वळून बघते तर झोळीसमोर एक पांढऱ्या केसांचा बाप्या रंग घेऊन बसलाय!

"ओ! झोपलेल्या पोराचं चित्र काढतात व्हय? नजर लागंल ना!"

"हळू बोला, उठेल," तो म्हणाला. "रिसॉर्टवाल्यांना नाताळासाठी निजलेला बाळ येशू हवाय. असं गोड निजलेलं बाळ दुसरं कुठं मिळणार?... मी हिरामण. दहिवलीच्या शाळेत चित्रकला शिकवायचो."

मी चित्रात डोकावले. नुसते डाग — पिवळे, निळे, गुलाबी.

"ह्याला नाक कुठं हाय? असंच शिकवायचे का पोरांना?"

"दहा पावलं मागं जा, बाई. मग भांडा."

गेले. आणि... त्या डागांतून माझं बाळ श्वास घेत होतं. गालावर कोवळं ऊन. आता ह्यालाही नजर लागणार! मग काय करणार? कमरेची काजळाची डबी काढली आणि चित्रातल्या बाळाच्या कपाळावर, ओल्या रंगावरच, ठसठशीत तीट लावली.

मास्तर चिडले नाहीत. माझ्या बोटाकडं बघत राहिले. मीही हात लगेच मागं घेतला नाही.

नाताळाच्या दुपारी ते आमच्या दारात — काखेत चित्र, पाठीवर पिशवी.

"रिसॉर्टवाले म्हणाले, येशूला तीट कशाला, पुसा. मी नाही पुसली."

"का? एका फटक्यात गेली असती."

"तुमचं बोट लागलंय, गौराबाई."

नवरा जाऊन अकरा वर्षं झालेली. साऱ्या गावाला सुनावणारी मी, कानाच्या पाळीपर्यंत लाल झाले.

"आज पुण्याला लेकीकडं निघालोय, कायमचा," ते म्हणाले. "एकट्याला घर खायला उठतं. पण कुणी थांब म्हटलं, तर..."

म्हणायचं होतं, थांबा. पण मेला ताठा आडवा आला. मी म्हणाले, "गाडी चुकंल तुमची."

त्यांचा चेहरा उतरला. चित्र ओट्यावर टेकवलं, वळले, कुंपणाच्या बेड्यापर्यंत गेले... ही पाठ आता पुन्हा दिसायची नाही, असं वाटलं आणि मी साऱ्या आळीला ऐकू जाईल अशी ओरडले —

"अवं मास्तर! चुकू दे की!"

चार नाताळ झाले. गाडी अजून चुकतेच आहे.